वारा कुठी गेला?

राखीचे बाबा,

झोप लागली होती म्हणून तुम्हाले उठवलं नाही. डॉक्टरनं हवेत झोपवा म्हणून सांगतलं, अन् आपला पंखा नुसता घूं घूं करे, फिरेच ना. काल मेहकरहून तुमच्या गोळ्यासंग कंडेन्सर आणला. आज मेन बंद करून स्टुलावर चढली अन् बसवला. माह्या बाबाच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात लहानपणी पाह्यलेलं कामी आलं. पयल्या खेपेले वायरी उलट्या लागल्या; खाली उतरून मेन चालू केलं त पंखा उलटा फिरला अन् सारा वारा छताले गेला. तुम्ही डोळे न उघडताच म्हणले, "द्वारके, वारा कुठी गेला वं?"

कपाशीवरच्या फवारणीत चक्कर येऊन पडल्यापासून तुम्ही एक शब्द बोलले नव्हते. मी स्टुलावर बसूनच हासली अन् रडलीबी. मंग वायरी बदलल्या.

पंखा बंद करू नका. पेज झाकून ठेवली, सगळी प्या. फवारणीचा पंप हुडकू नका, तो मी गोकुळभाऊजीले देऊन टाकला. राखीले शाळेत सोडून वावरात जातो, दुपारी येतो.

अळीनं बोंडं खाल्ली त खाऊ द्या. चार दिवसानं तुम्ही आपल्या पायानं ओसरीत आले त तेवढं पीक मले पुष्कळ झालं.

द्वारका