सासूबाईंची नवी कवळी

७ मार्च
हे गेल्यानंतर आज पहिल्यांदा कामावर गेले. दंतवैद्यांच्या मापांवरून कवळ्या करायच्या, तेच काम. दिवसभर परक्या जबड्यांचे साचे ओतले. प्लास्टर सेट व्हायच्या आधीच एक उचलला. फुटला.

घरी आले तर धाकटे दीर बसलेले. "वहिनी, तुमची नोकरी. आई दिवसभर एकटी. रविवारी घेऊन जातो. तिची खोलीपण सेट करून ठेवलीय." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार! ते मुलगा. मी कोण?

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

८ मार्च
सेट. हा शब्द ह्यांचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, दुकानात येईल तो सेटच. पण घरीही तेच! डुगडुगणारी खुर्ची — सेट केली. भावकीतलं भांडण — सेट केलं. दवाखान्यातूनही फोनवर, "मी सेट आहे गं, तू जेव."

शेजारच्या मुलीचा शब्दकोश आणून पाहिला. पानभर अर्थ. ठेवणं, बसवणं, जुळवणं, घट्ट होणं. आणि मावळणं! सूर्य मावळतो, त्यालाही सेटच. हा अर्थ ह्यांनी कधी वापरला नव्हता.

शब्दकोश लगेच परत देऊन आले.

९ मार्च
सासूबाई दुधात पाव बुडवून खातात. हे गेल्यापासून कवळी लावलेली नाही. मीच केलेली. आता लावली तरी सैल होईल, हिरड्या आटल्यात. "लावून कुणाशी बोलू?" म्हणाल्या.

"माझ्याशी बोला, इथेच राहा" — ओठांवर आलं होतं. गिळलं.

११ मार्च, रविवार
दीर गाडी घेऊन आले. बॅग भरलेली. सासूबाई खुर्चीतून उठेचनात. एकदम म्हणाल्या, "मला नवी कवळी हवीय."

"तिकडे करू की, आई."

"तिकडे मला कोण ओळखतं? माझं तोंड हिला पाठ आहे."

"किती दिवस लागतील, वहिनी?"

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "लागतील तेवढे! दात आहेत ते, शर्टाची बटणं नाहीत. झाली की येते."

दीर हसले. बॅग आत ठेवून गेले. नंतर बराच वेळ सासूबाई माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे.

१९ मार्च
मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी माप घेतलं होतं. आज, कवळी पक्की करण्याआधी बघायला, मेणात दात बसवून घरी आणले. सासूबाईंनी तोंडात घालून आरशात पाहिलं. अगदी चपखल! "छान झालेत," म्हणाल्या. जेवल्या मात्र नाहीत नीट.

दिरांचा फोन. "झाली का वहिनी? या रविवारी येऊ?"

उद्या सांगते म्हटलं.

२० मार्च
कामावर बाकीचे जेवायला गेले होते. सासूबाईंच्या कवळीचं मेण तापवलं. सगळे दात एकेक करून काढून ठेवले.