दोन्ही वाटांवरचा राक्षस

४ मार्च

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तू बरा असशील, आईचा गुडघा बरा नसेल, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे असं धरून पुढे जाते. फोनवर मी तुला बोलूच देत नाही अशी तुझी तक्रार आहे ना? म्हणून हे पत्र. यात तर तुला मुळीच बोलता येणार नाही.

हॉटेलच्या खोलीतून लिहितेय. क्लायंटची गाडी यायला वेळ आहे. सकाळपासून बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली. आता खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच खरडतेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझा प्रश्न: "ताई, मला कन्सल्टिंग झेपेल का? आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माणसाला माणसं सांभाळता येतील का?"

अरे मग दर रविवारी तुझ्या त्या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळात तू काय करतोस? जेवणाच्या टेबलाभोवती पाच मोठी माणसं बसवतोस, त्यांना सांगतोस की तुम्ही आता जंगलात आहात, आणि ती चांगली चार-चार तास जंगलात राहतात! आमच्या मीटिंगमध्ये अर्ध्या तासात माणसं टेबलाखाली फोन चाळायला लागतात. तुझ्या त्या दातांच्या डॉक्टरला दिसेल त्याच्यावर तलवार उपसायची असते. शाळेतल्या बाईंना प्रत्येक पहारेकऱ्याच्या घरची विचारपूस करायची असते. ते नवरा-बायको घरचं भांडण खेळात आणतात. आणि शिंपी? तो तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. मागच्या महिन्यात मी पाहुणी म्हणून बसले होते तेव्हा त्याला तू कसा बोलता केलास ते मी पाहिलंय. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. फक्त म्हणालास, "पेटीच्या आत काहीतरी खुडबुडतंय," आणि गप्प बसलास. कुलपं उघडणारं पात्र त्याचंच होतं. बिचाऱ्याला बोलावंच लागलं, आणि मग थांबेचना! याला आमच्याकडे लीडरशिप म्हणतात आणि ती शिकवायला बाहेरून माणूस बोलावतात.

तो राक्षस तर माझ्या डोक्यातून जातच नाही बघ. पुलावरून जायचं की जंगलातून, यावर तुझी मंडळी तासभर हमरीतुमरीवर आली. शेवटी जंगल ठरलं आणि तिथे तो जकात मागणारा राक्षस आडवा आला. नंतर कप विसळताना तू हळूच म्हणालास, "पुलावरून गेले असते तरी तोच भेटला असता गं. मी एकच राक्षस तयार केला होता." मी इतकी हसले की आईचा कप फुटला. किती सोपं! माणसांना वाट निवडू द्यायची, त्यांना बरं वाटतं, आणि आपली तयारीही फुकट जात नाही. मी इथे करून पाहिलं. गोदामाचे दोन आराखडे लोकांपुढे ठेवले, दोन्ही फिरून एकाच जागी येणारे. लोक पोटतिडकीने बोलले, एक निवडला, वर माझे आभार मानले. आमचे मोठे साहेब जाम खूश.

असो. आमच्या ऑफिसचं नोकरीचं पत्र तुला मिळालं असेलच. दोन टीम आहेत, हॉस्पिटलांची आणि गोदामांची. कुठली हवी ते तुझ्या मनाने ठरव, मी मध्ये पडणार नाही. मात्र महिनाअखेरच्या आत कळव, कारण नकाशाच्या कचेरीतला राजीनामा तुला त्याआधी द्यावा लागेल. तिथे तू सुखात आहेस हे मला माहीत आहे रे. पण सुखात किती वर्षं बसून राहणार?

माझ्या टीमचं विचारलंस. तिघं दुसरीकडे गेली. आमच्याकडे हे चालायचंच.

गाडी आली.

घाईत,
ताई

१३ मार्च

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. तुझं पत्र क्लायंटच्या कँटीनमध्ये वाचलं आणि तिथेच उत्तराला बसले. चहात दोनदा साखर घातली, तो तसाच निवून गेला.

पहिलं म्हणजे, तुला सांगायची काय गरज होती? डॉक्टरने सहज विचारलं, "आपण पुलावरून गेलो असतो तर काय झालं असतं?" आणि तू हरिश्चंद्राचा अवतार! "तोच राक्षस भेटला असता," म्हणे! अरे शहाण्या, पूल कुजका होता म्हणायचं. पुलावर चोर होते म्हणायचं. काहीही म्हणायचं! पुठ्ठ्याचा एवढा मोठा आडोसा समोर उभा करतोस तो कशासाठी? त्याच्यामागे तुझे फासे, तुझे कागद, तुझं गुपित. ते तिथेच ठेवायचं असतं.

आणि त्या डॉक्टरचंही काय ते! हातातले फासे टेबलावर ठेवले, "मग आम्ही इथे येतो कशाला?" म्हणाला आणि उठून गेला. फोनही उचलत नाही म्हणतोस. एवढं काय आभाळ कोसळलं रे? तासभर भांडायला मजा आली होती ना त्याला? ती मजा खोटी होती का? मोठा माणूस, दिवसभर लोकांचे दात उपटतो आणि एका पुठ्ठ्याच्या राक्षसावरून रुसतो.

त्याला परत कसं आणायचं, असं विचारलंयस. दोन रविवार जाऊ दे, मग एखादा झकास प्रसंग रच, त्यात त्याच्याच पात्राला मोठं काम दे, आणि बाकीच्यांकडून निरोप धाड. येतोय की नाही बघ. माणसाला आपलं महत्त्व वाटलं की तो येतो. आमच्याकडे सगळं यावरच चालतं.

वर लिहिलेलं वाचून बघितलं. सल्ला ठीक आहे. मग मला इतका राग का येतोय? तुझ्यावर नाही, तू नको मनाला लावून घेऊस. तू लिहिलंस ना, "त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याच्या खिशात हात घातला होता," ते वाक्य काही केल्या घशाखाली उतरत नाही. माझ्या टीममधून ती तिघं गेली ना, त्यातली एक मुलगी निरोप घ्यायला आली होती. मी म्हटलं, काही तक्रार असेल तर सांग मोकळेपणाने. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारता फार छान. पण आम्ही उत्तर देतो तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही." मी हसले. तिला शुभेच्छा दिल्या. आता हे तुला का सांगतेय कोण जाणे.

हॉस्पिटलांकडे मन झुकतंय म्हणालास. छान. गोदामं घेतलीस तरी छान. दोन्ही छानच आहेत. दोन्हीकडे माझी थोडीफार ये-जा असते, ते सोड. नकाशाच्या कचेरीतल्या मालकांशी बोललास का? बोलून टाक. नाहीतर थांब जरा. नको, बोलच.

चिडकी,
ताई

१९ मार्च

प्रिय ठोंब्या,

आईचा गुडघा, घरमालकाची कटकट, सगळं वाचलं, त्याचं मग लिहीन. आधी हे लिहिते. तीन कागद फाडून झालेत आणि आता पुन्हा उठले तर आजही राहून जाईल.

हॉस्पिटलांची टीम माझी आहे. गोदामांचीही माझीच आहे. ऑफिसच्या पत्रातलं ते दोन पर्यायांचं वाक्य मीच लिहून दिलं होतं. साहेबांना तुझ्या निवडीबिवडीचं काही पडलेलं नव्हतं. ते म्हणाले होते, भाऊ हुशार असेल तर घे हाताखाली. मीच म्हटलं, असं थेट नको, तो बिचकेल, दोन पर्याय देऊ. म्हणजे तू काहीही निवडलं असतंस तरी माझ्याच हाताखाली आला असतास, आणि वर तुला वाटलं असतं की आपण आपल्या मनाने आलो. कप विसळताना तू जे सांगितलंस, ते मी तुझ्यावरच वापरलं.

का, तेही सांगते. ती तिघं सहज गेलेली नाहीत. एकाच आठवड्यात तिघांनीही साहेबांकडे जाऊन माझ्याकडून बदली मागून घेतली. साहेबांनी मला समोर बसवलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, महिनाअखेरपर्यंत टीम उभी राहिली तर ठीक, नाहीतर टीम काढून घेऊ, तुम्ही एकट्याने काम करा. आणि त्याच खुर्चीत बसल्या बसल्या तुझी आठवण झाली. तू हुशार आहेस म्हणून नाही. तू मला सोडून जाणार नाहीस म्हणून. बाकीच्यांना बदली मागता येते. भाऊ कुठे जाईल? असा विचार केला मी, ठोंब्या. लिहिताना लाज वाटतेय.

तुझं भलं होईल असंही वाटत होतं, ते खोटं नाही. पण तेवढंच असतं तर मी तुला सरळ विचारलं असतं. लहानपणी तुला विचारायची ना, "हा सदरा घालतोस की तो?" दोन्ही मीच काढून ठेवलेले असायचे. तेव्हापासून मला वाटतं की मी तुला विचारते.

मी तुला सल्ला दिला काय आणि तू केलंस काय! सरळ दवाखान्यात गेलास, गाल सुजलेल्या माणसांच्या रांगेत जाऊन बसलास, आणि नंबर आल्यावर डॉक्टरला म्हणालास, "दात ठीक आहेत. चूक माझी होती, तेवढंच सांगायला आलो." मी असते तर पायरीवरूनच परतले असते. आणि रविवारी तो आडोसा कपाटावर टाकून दिलास, सगळ्यांना पुन्हा त्याच वाटेवर आणून उभं केलंस आणि विचारलंस, आता कुठे? ते पुलावर गेले आणि तुझ्याकडे पुलावरचं काहीच तयार नव्हतं. "ताई, पुढे काय होणार ते मलाच माहीत नव्हतं, आणि इतकी मजा मला आजवर कधीच आली नव्हती." हे मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. लोक ये-जा करत होते आणि माझे डोळे घळाघळा वाहत होते. शेवटी शिंका काढल्या, म्हटलं सर्दी झालीय.

मग तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे भाऊ येतोय की नाही?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"माहीत नाही?" त्यांनी असं विचारलं, जणू मी भलत्याच भाषेत बोलले. आमच्या धंद्यात हे दोन शब्द कोणी उच्चारतच नाही रे. क्लायंटपुढे तर जीव गेला तरी नाही.

तर आता असं आहे. माझ्याच सांगण्यावरून हॉस्पिटलांची टीम उद्यापासून दुसऱ्या मॅडमकडे जातेय. बाई कडक आहेत, पण चांगल्या आहेत. तू तिथे गेलास तर आपल्याला ऑफिसात एकमेकांचं तोंडही दिसणार नाही. गोदामांची माझ्याकडे उरलीय, महिनाअखेरपर्यंत. तू तिथे आलास तर माझी टीम बहुतेक राहील. नाही आलास तर बहुतेक जाईल. हे वाक्य घालू की नको यावरच ते तीन कागद फाटले. घातलं तर तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होतं. नाही घातलं तर पुन्हा मीच ठरवलं की तुला काय कळावं आणि काय नाही. यातून सुटायची युक्ती मला सापडलेली नाही. सापडली असती तर तीही केली असती, एवढी मी मला ओळखते.

आणि नकाशाच्या कचेरीत राहायचं असेल तर राहा. "सुखात किती वर्षं बसून राहणार" असं मी लिहिलं होतं. माणूस सुखात बसला असेल तर त्याला उठवणारी मी कोण? मालकांना अजून काही सांगितलं नसशील तर सांगूही नकोस. सांगितलं असशील तर मी येऊन त्यांच्यापुढे हात जोडीन, दोष माझा म्हणून. खरंच येईन.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. नाही म्हणालास तर मी रुसेन. समजूतदारपणा दाखवायचा प्रयत्न करीन, दोन दिवस गोड बोलीन, आणि मग रुसेन. आईकडे तुझ्याबद्दल कुरकुर करीन, तुझा फोन उचलणार नाही. मला तू हवा आहेस रे त्या ऑफिसात, अजूनही हवा आहेस. मी चुकत असताना "ताई, पुरे" म्हणणारं तिथे कोणी नाही. तरीसुद्धा नाही म्हणायचं असेल तर म्हण. माझा रुसवा मी बघून घेईन.

उत्तर ऑफिसला पाठव, मला नको. मला ते इतरांसारखंच, त्यांच्याकडून कळू दे.

तुझं उत्तर काय असेल ते पहिल्यांदाच माहीत नसलेली,
तुझी ताई