अमेरिकेचं घड्याळ

अण्णा, तुमचं अमेरिकेचं घड्याळ अजून चालू आहे. धारच्या आत्यानं माझ्या लग्नात दिलेलं, आणि मी सामान जड होतं म्हणून देवासलाच ठेवून गेलेलं. तुम्ही ते स्वयंपाकघरात आपल्या घड्याळाशेजारी टांगलंत आणि मी ओहायोला पोचले त्या जुलैत माझ्या वेळेला लावलंत. त्यात सात वाजले की, म्हणजे तुमच्या साडेचारच्या चहाला, फोन. "उठलीस का?" एवढंच विचारायला.

कारखान्याच्या टाइम ऑफिसात तुमची सारी नोकरी गेली. सोनकच्छहून येणारा कुणी कामगार "भिया, बस लेट थी" म्हणाला, की तुम्ही म्हणायचात, "तो बस को लेटमार्क लगाऊँ क्या?" आणि लावायचात त्यालाच. घरी हे रंगवून सांगताना मात्र तुम्हालाच हसू आवरायचं नाही. अशा माणसाला ठाऊक नव्हतं, की तिकडे हिवाळ्यात घड्याळं तासभर मागे घेतात. नोव्हेंबर लागला की तुमचा फोन सहालाच वाजायचा. दोन हिवाळे मी काही बोलले नाही. तिसऱ्या हिवाळ्यात तापानं फणफणलेलं बाळ कसंबसं झोपलं होतं, ते फोननं दचकून उठलं, आणि मी बोलून गेले, "अण्णा, सहा वाजलेत इथे. जन्मभर लोकांना लेटमार्क लावलेत, तुम्हाला साधी वेळ कळत नाही?" "सो जा बेटा," म्हणालात. कुणाची समजूत काढायची झाली की तुम्ही हिंदीत शिरायचात.

त्यानंतर तुमचा फोन आला नाही. रविवारी मीच करायचे. तुम्ही नीट बोलायचात. तब्येत, हवा, नातीचे दात. सातला करत जा, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. चिडायचं मी आणि रुसून बसायचं तेही मीच, ही माझी जुनी खोड. चार वर्षांनी तुम्ही गेलात. त्यालाही आता अकरा वर्षं होतील.

परवा इथे देवासला आले, तर आई स्टुलावर चढून अमेरिकेचा काटा मागे घेत होती. "अगं, हे कशाला अजून?" म्हटलं, तर तिनं घड्याळामागे चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. तुमचं ठसठशीत अक्षर: मार्चात तासभर पुढे, नोव्हेंबरात मागे.

"तुझ्या त्या फोननंतर अण्णा शेजारच्या इंजिनियरला विचारून आले," आई म्हणाली. "हिवाळ्यात चहासुद्धा साडेपाचला मागायचे. सात वाजले की घड्याळाकडे बघून म्हणायचे, अब उठी होगी. मी म्हणायचे, करा की मग फोन. तर म्हणे, झोपू दे."

तुम्हाला लिहिलेला हा कागद मी आईलाही दाखवणार नाही. अण्णा, तुमचा फोन बंद झाल्यानंतरच्या त्या सगळ्या हिवाळ्यांत मला सहालाच जाग यायची. बाळ झोपलेलं असायचं. फोन उशाशी घेऊन मी सातपर्यंत नुसती पडून राहायचे. एकाही रविवारी हे तुम्हाला सांगितलं नाही.