गिरणीच्या विजेचा अर्ज

डोणगाव,
दि. ९ नोव्हेंबर १९६३

प्रिय मित्र शालिग्राम यास,

कादरचा सलाम. इकडे सर्व ठीक. काल तुझ्या घरी जाऊन आलो. वहिनी बऱ्या आहेत. गाय व्यायली, कालवड झाली. आपली पिठाची गिरणी चालू आहे, पण वीज करणाऱ्या डायनॅमोचा पट्टा काढलेलाच आहे. गल्लीतल्या अकरा घरांत बल्ब नुसते लटकलेत.

सोमवारी पुन्हा बुलढाण्याला वीज कचेरीत गेलो. चौदा महिन्यांत ही नववी खेप. कारकून म्हणाले, "खासगी इंजिनाची वीज शेजाऱ्याले द्यावी का नाही, दिली तर पैसे बल्बामागे घ्यावे का मीटरनं, याचा नियमच अजून ठरला नाही." मी म्हणालो, तोवर आमच्या खर्चानं मीटर बसवतो. ते म्हणाले, "कोणत्या नियमानं बसवता?"

पण हे पत्र त्यासाठी नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून गिरणीत गेलो.

वीज उत्तमरावांच्या तक्रारीनं बंद झाली, असं तू समजतोस. त्यांचं रॉकेलचं दुकान, म्हणून तसं वाटणारच. पण तक्रार कोणीच केली नव्हती. कचेरीला लिहिणारा मी.

त्या अकरांतल्या झुंबरबाईंच्या घराच्या टिनात, पत्र्यात, आपल्या तारेचा करंट उतरून त्यांची बकरी मेली, तेव्हा तू म्हणालास, "बकरीच तर होती बे." मी तार बदलली, पण जिवाला चैन पडेना. त्यांची नात त्याच टिनाला धरून उभी राहायची. तार कशी ओढावी, पैसे कसे घ्यावे, हे एकदा रीतसर विचारावं म्हणून मी अर्ज केला. तू नको म्हणाला असतास, म्हणून तुला सांगितलं नाही. वाटलं, पंधरा दिवसांत परवाना येईल. उत्तर आलं ते असं, की नियम होईपर्यंत पुरवठा बंद ठेवा.

मग तू उत्तमरावांच्या दुकानासमोर उभा राहून नाही नाही ते बोललास. त्यांच्या मुलाशी, हिंमतशी ठरलेलं तुझ्या गीताचं लग्न तिथंच मोडलंस. मी शेजारीच होतो. तुझा हात धरला, पण तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तू अकोल्याला तेलगिरणीत नोकरीला निघून गेलास.

काल वहिनी म्हणाल्या, उत्तमराव हिंमतसाठी मुलगी पाहायला वरवट बकालला निघालेत. गीता चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. आपल्या पोरीचं मी काय केलं, ते तेव्हा दिसलं. तिथून उठलो तो थेट उत्तमरावांच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ते रॉकेलचं माप पुसत होते, ते त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, "चौदा महिने लोक मले चुगलखोर म्हणून राह्यले, कादर. तू रोज याच रस्त्यानं जात होता."

मी म्हणालो, "हाव."

"आता त्याले लिही. वरवटले जायाचं मी आठ दिवस थांबवतो. आठाच्या वर एक दिवस नाही."

अर्ज केल्याचा मला पस्तावा नाही, शालिग्राम. लपवल्याचा आहे. गिरणीतली भागीदारी मोडायची असेल तर मोड, मी हूं का चूं करणार नाही.

शुक्रवारच्या आत ये. एसटीतून उतरलास की आधी उत्तमरावांकडे जा. माझ्याकडे नाही आलास तरी चालेल.

तुझा,
कादर