बोल्तीच्या डोळ्यांवरचा पडदा

शौकीदादा,

मी बल्तीमला रगबकाकांच्या घरी जातेय. तळ्यातल्या बोल्ती माशांचे डोळे दुधाळ झाले, त्यात खाद्य मापून घालणाऱ्या काकांची काही चूक नाही. खाद्यात जस्त कमी पडलं की माशांना मोतीबिंदू होतो. जस्ताची ती खनिजांची पूड संपत आली होती, तुझ्या रागाच्या भीतीने मी न सांगता दोन महिने निम्मीच मिसळली. "म्हाताऱ्या, तुला आता माप दिसत नाही," म्हणून तू त्यांना हाकललंस, तेव्हा मी शेजारीच गप्प उभी होते.

नवी पूड फळीवर आहे, पुरती घाल. मोठ्या माशांची नजर परत येणार नाही, पिल्लांची वाचेल. जेवायला बाकल्याचे दाणे शिजवून झाकलेत.

काका माझ्याबरोबर परत आले तर दारात जाऊन आधी तू माफी माग. माझ्या चुकीचं मी बल्तीमलाच बोलून घेईन.

रावया