नाकावरची रुई

बाबा, आपल्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या मशीनला, नवा कॉम्प्युटर बसवलाय आणि माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. त्याला बटणं नाहीत, नुसता कॅमेरा. पंजा वर केला की मशीन चालू, मूठ आवळली की बंद. नागपूरहून आलेला इंजिनिअर तर असा सांगत होता, जणू हातांनी बोलणं त्यानेच शोधून काढलं. मशीनच्या आवाजात तुम्ही जन्मभर दुसरं काय केलं? घरी जेवतानासुद्धा तोंड न उघडता दोन बोटं हलवून आईकडे वरण मागायचात.

परवा मशीनमध्ये कापूस अडकला. मूठ दाखवून मी ते बंद केलं आणि माझ्या जोडीदाराने आत हात घातला. तेवढ्यात मी नाकावरची रुई झटकली, तर मशीन सुरू. त्याची बाही आत गेली, हात थोडक्यात वाचला. आणि इंजिनिअर मलाच म्हणतो, "काका, कॅमेऱ्यासमोर उगाच हात हलवू नका." उगाच? जिनिंगमध्ये येताना नाक काय घरी ठेवून यायचं? मी सगळ्यांदेखत त्याला झापलं. "तुह्या मशीनले रुई झटकनं समजत नाई, अन् तू मले शिकवून राह्यला? आधी बटन लाव." मालक खाली मान घालून मोबाइल बघत बसला. बटण अजून लागलेलं नाही, आणि जोडीदार रोज त्याच मशीनवर उभा राहतोय. माझा संताप काही उतरत नाही.

तुम्ही मला पहिल्याच हंगामात बजावलं होतं, "हात उचलला म्हंजे बोलला. खाजवाचं असन तं पाठ करून खाजवजो." मी तेव्हा वीस वर्षांचा, सगळं कळतं असं वाटायचं. त्याच हंगामात तुमची दोन बोटं गेली. तुम्ही मशीनमध्ये वाकलेले, मी तुमच्या मागे, आणि मशीन चालू करणारा स्टार्टरवाला पार पलीकडे. रुईच्या धुरळ्यात त्याला फक्त वर झालेला हात दिसला. "हाताची खून झालती, म्या पाह्यली," असं तो रडून सांगत होता. कोणी ऐकलं नाही, त्याचं काम सुटलं. सावंगीच्या दवाखान्यात पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत तुम्ही म्हणालात, "त्याले नका बोलू. माहाच हात हालला असन." मी शेजारी उभा होतो, तुम्हाला पाणी दिलं.

तुम्ही त्यानंतर बरीच वर्षं होतात. रोज एका ताटाला बसायचो.

तुमचा हात हलला नव्हता, बाबा. माझ्या नाकावर रुई बसली होती.