पद्मिनीताईंची जागा

१४ जानेवारी
पुन्हा सेमिस्टर! नेपरव्हिलमध्ये घोट्यापर्यंत बर्फ, आणि मी दोन कॉलेजांच्या मध्ये गाडीत. कायमची नोकरी नाही, म्हणून दोन्हीकडे तासांवर शिकवायचं. विषय इंग्लिश — आणि स्वतः वर्षभरात एक कादंबरी पुरी केलेली नाही. बाबा नागपूरला विहारातली लायब्ररी सांभाळायचे. आज फोनवर त्यांनी विचारलं, "मैत्री, सध्या काय वाचतेस?"
"पोरांचे निबंध!"
ते हसले. मला हसू आलं नाही.

२९ जानेवारी
पद्मिनीताई स्टाफरूममध्ये पुस्तकात डोकं घालून. पुण्याच्या, रिटायरमेंटला आलेल्या. आमच्यात खरं वाचणाऱ्या त्या एकट्याच. विचारलं, इतकी वर्षं शिकवून कंटाळा नाही येत?
"येतो गं. म्हणून तर वाचते."
त्यांच्या क्लासमध्ये अजून अख्खी कादंबरी वाचतात — आळीपाळीनं, मोठ्यानं. पोरं कुरकुरतात, अडखळतात. पण येतात! माझ्या क्लासमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

१९ फेब्रुवारी
डीनची मीटिंग. मुलं कोर्स ड्रॉप करतायत, म्हणून कादंबऱ्या बंद. पाच-पाच पानांचे उतारे द्यायचे.
पद्मिनीताई उभ्या राहिल्या. "मी देणार नाही. आणि इथे हे कुणालाच पटलेलं नाहीये." माझ्याकडे बघितलं.
मी कॉफीच्या कपाकडे.

२० फेब्रुवारी
बोलायला हवं होतं. पण मला पुढच्या सेमिस्टरला क्लास मिळतो की नाही, ते डीनच ठरवतो. काय करू?

६ मार्च
माझ्या नवऱ्याचा, अनुपचा, जॉब गेला. अख्खी टीम काढली. घरातला इन्शुरन्स त्याच्याच कंपनीचा — आणि रुहीचा दमा थंडीत आणखी वाढलाय. ती इनहेलर ओढत विचारते, "मम्मा, आर वी ओके?"
"हो गं." दुसरं काय सांगणार?

२७ मार्च
वाचायला बसले. एकच पान तीनदा. पुस्तक मिटून टाकलं.

२ एप्रिल
पद्मिनीताईंचा फोन. त्यांनी उतारे दिलेच नाहीत, तर डीननं पुढच्या, फॉल सेमिस्टरचे सगळे क्लास काढून घेतले.
"रिटायर होते गं. भांडायला जीव नाही उरला."
"ताई, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."
"तू काय करणार होतीस!"
रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ एप्रिल
डीननं बोलावलं. पद्मिनीताईंची जागा मला — कायमची, इन्शुरन्ससकट. "यू आर ईझी टू वर्क विथ," म्हणाला.
त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.